सलामीला कोण?

आमच्या होस्टेलच्या मेसमध्ये दोन पार्ट्या आहेत. एक अमरावतीकरांची, दुसरी अकोलेकरांची. मध्ये बडनेरा आणि मूर्तिजापूर धरून शंभरेक किलोमीटरचं अंतर, पण क्रिकेटचा विषय निघाला की ते हजार होतं! त्यांच्याकडे जितेश शर्मा, आमच्याकडे अथर्व तायडे. मी अकोल्याचा, त्यात कॉन्व्हेंटचा. पहिल्या वर्षी मी मराठीत भांडायला लागलो की पोरं मुद्दा सोडून माझ्या मराठीवरच हसायची. आता हसत नाहीत. भांडून भांडूनच ते सुधारलं असावं.

तर गोष्ट २६ फेब्रुवारी २०२५ची. महाशिवरात्रीची सुट्टी, ताटात साबुदाण्याची उसळ आणि नागपूरला जामठ्याच्या मैदानावर रणजी करंडकाची फायनल, विदर्भ विरुद्ध केरळ. केरळने टॉस जिंकून आपल्याला बॅटिंग दिली. एका मोबाईलभोवती आम्ही दहा-बारा डोकी. टीम पाहिली, तर अथर्वचं नावच नाही! ध्रुव शोरीसोबत सलामीला पार्थ रेखडे.

"काहून बे? अथर्वले काहून काढलं?" मी ओरडलो.

"सेमीफायनलले काय केलं त्यानं?" माझा रूममेट शांतपणे म्हणाला. पक्का अमरावतीकर! "अन् रेखडेनं मुंबईचे रहाणे, सूर्या अन् दुबे एकाच ओव्हरमधी काढले, ते इसरला का?"

"अबे, ते बॉलिंगमधी! सलामीले बॉलर पाठवतेत का कोनी?"

एका सिनियरने वेगळीच काडी टाकली. शोरी दिल्लीचा, करुण नायर कर्नाटकचा. बाहेरच्यांना जागा आणि घरचं पोरगं बाहेर? झालं! उसळ थंड झाली, वाद तापला.

तेवढ्यात पहिल्याच षटकात रेखडे शून्यावर पायचीत झाला. मी टेबलावर हात आपटला. "पाहा! म्हटलं होतं ना मी!" अकोल्याच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

वाढायला आलेले मेसचे काका थांबले. "आउट कोन झाला, बाबू?"

"रेखडे."

"म्हंजे आपलाच ना?"

कोणीच बोललं नाही. थोड्या वेळात विदर्भ ३ बाद २४ झाला आणि आम्ही सगळेच गप्प झालो. पुढे दानिश मालेवार आणि करुण नायरने २१५ धावांची भागीदारी केली, मालेवारने १५३ काढल्या. सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता झाला. त्या रात्री होस्टेलच्या गच्चीवर मीही नाचलो. पण काकांचा प्रश्न डोक्यातून जाईना.

पंधरा दिवसांनी आमच्या होस्टेलच्या मॅचेस होत्या. दोन वर्षं सलामीला मीच जायचो. यादी लागली आणि माझ्या जागी फर्स्ट इयरचा एक मुलगा! कॅप्टन कोण? माझाच रूममेट. रात्री त्याच खोलीत झोपला, पण मला एका शब्दाने बोलला नाही. खरं सांगतो, खूप लागलं. मॅचच्या दिवशी मी पाण्याच्या बाटल्या घेऊन बाउंड्रीवर बसलो. तो मुलगा तिसऱ्या चेंडूवर बोल्ड झाला आणि माझ्या बाजूच्या दोघा मित्रांनी माझ्या पाठीवर थाप मारून टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी!

तो मुलगा आमच्यासमोरूनच परतला. त्याने टाळ्या ऐकल्या होत्या. हेल्मेट काढताना त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. मला मात्र त्याचं तोंड दिसलं. माझे हात बाटलीवर होते, मी टाळी वाजवली नव्हती. पण मनातून वाजवली होती, हे मला ठाऊक आहे. संध्याकाळी त्याला कॅन्टीनला नेऊन चहा पाजला. सॉरी म्हणायचं होतं, जमलं नाही. ते आज इथे लिहितो आहे.

बाबा म्हणतात, त्यांच्या वेळी अकोल्यात असे वाद व्हायचेच नाहीत. वाद व्हायचे ते मुंबईच्या खेळाडूंवरून. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतो आहे, पण पहिला करंडक मिळाला तो २०१७-१८च्या हंगामात. साठ वर्षं! विदर्भाकडून सलामीला कोण, यावर उसळ थंड होईपर्यंत भांडणं ही आमच्याच पिढीची चैन. म्हणून भांडू नका असं मी म्हणणार नाही. भांडा! पण टॉस होईपर्यंत. एकदा अकरा जण ठरले की त्यातला प्रत्येक जण आपला.

आणि अथर्व? त्याने वाद घातला नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच जामठ्याला इराणी करंडकात त्याने शेष भारताविरुद्ध १४३ धावा केल्या आणि विदर्भाने तो करंडकही जिंकला. मी मेसमध्ये पुन्हा टेबलावर हात आपटला. या वेळी काकांनी काही विचारलं नाही. रूममेट मात्र म्हणाला, "ठीक हाये, पन कीपर जितेशच पाहिजे होता!"

वाद चालू आहे...

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल