लिमरिकचा स्वेटर घालून थर्लसला

डब्लिनमधल्या एका भेटवस्तूंच्या दुकानातून मी हिरवागार स्वेटर घेतला होता. आयर्लंडचा रंग हिरवा, हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. आयुष्यातला पहिला हर्लिंगचा, म्हणजे आयरिश काठी-चेंडूच्या खेळाचा, सामना बघायला निघालोय, तर अंगावर यजमानांचा रंग असलेला बरा, असा माझा शहाणपणाचा हिशेब. निघताना जावयाने स्वेटरकडे दोनदा पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. सासूच्या कपड्यांबद्दल कोण बोलणार! त्याचा संकोच मला कळायला हवा होता.

ही २०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. डब्लिनहून रेल्वेने सव्वा-दीड तासावर थर्लस नावाचं लहानसं गाव आहे. तिथल्या सेम्पल स्टेडियमवर टिपररी विरुद्ध कॉर्क असा सामना होता. लेकीला काम होतं, म्हणून जावई मला घेऊन निघाला. स्टेशनातून बाहेर पडल्यापासून लोक माझ्याकडे बघून हसत होते. मला वाटलं, परदेशी बाईंचं कौतुक चाललंय. शेवटी एका पोराने सरळ विचारलंच, ‘लिमरिकचा सामना आज नाहीये. चुकून उतरलात का?’

तेव्हा उलगडा झाला. हर्लिंगमध्ये देश खेळत नाही, काउंटी खेळते. आपल्याकडचा जिल्हा म्हणा. टिपररीचा रंग निळा-सोनेरी, कॉर्कचा लाल-पांढरा. हिरवा-पांढरा हा लिमरिकचा. आणि लिमरिकवाल्यांनी २०२० ते २०२३ अशी सलग चार वर्षं अखिल आयर्लंड करंडक घरी नेलेला. म्हणजे त्या दिवशी मैदानात हाडवैर असलेल्या दोन पक्षांचे हजारो लोक होते आणि त्या दोघांनाही ज्यांचं यश खुपतं, अशा तिसऱ्याचा झेंडा मी अंगावर मिरवत होते. स्वेटर काढून पिशवीत कोंबला. गार वारा सुटला तरी बाहेर काढला नाही.

दुसरी चूक तिकिटाची. जावई छताखालची, बसायची जागा काढणार होता. मी अडवलं. उभ्याने बघायच्या पायऱ्यांचं तिकीट स्वस्त, शिवाय ‘खरी माणसं तिथेच भेटतात’ असं मी कुठेतरी वाचलेलं. खरी माणसं भेटली, यात वाद नाही. पण प्रत्येकी पस्तीस मिनिटांचे दोन भाग, मधली विश्रांती, आधीची मिरवणूक, जागा धरण्यासाठी लवकर येणं, हे सगळं साठी ओलांडलेल्या गुडघ्यांवर उभं राहून काढायचं होतं, त्याचा विचार मी केला नव्हता. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे असतील त्यांनी चार पैसे जास्त मोजावेत. तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवावं; फाटकावर जाऊन बघू, हे इथे चालत नाही. पण दोन्ही पक्षांच्या माणसांना वेगवेगळं बसवत नाहीत, हे मला फार आवडलं. लाल टोपीच्या खांद्याला निळी टोपी लागलेली, दोघं एकमेकांच्या पक्षाला मनसोक्त नावं ठेवतायत आणि मधेच एकमेकांना चहा देतायत. आपल्याकडच्या पोलिसांना हे दृश्य दाखवायला हवं.

माझ्या शेजारी कठड्याला टेकून सत्तरीचे एक गृहस्थ उभे होते, टिपररीचे. हातात सामन्याची माहितीपत्रिका आणि बोटांत पेन्सिल. ही पत्रिका बाहेर दोन-चार युरोंना मिळत होती. ‘कागद कशाला विकत घ्यायचा, फोनवर सगळं असतं’ म्हणून मी ती घेतली नव्हती. पुढचा सगळा वेळ मी त्यांच्याच पत्रिकेत डोकावत राहिले. खेळाडूचा क्रमांक म्हणजे बहुधा त्याची मैदानावरची जागा: एक नंबरचा गोलरक्षक, दोन ते सात बचाव, आठ-नऊ मध्यभाग आणि पुढचे सहा चढाईवाले. नावापुढे त्याचा क्लब छापलेला. ही दुसरी माहितीच खरी महत्त्वाची, पण हे मला उशिरा कळलं.

सामना सुरू झाला आणि मी चेंडू शोधू लागले. क्रिकेटवर पोसलेल्या डोळ्यांची हीच खोड, चेंडू सोडायचा नाही. पण हर्लिंगचा चेंडू, त्याला स्लिटर म्हणतात, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा लहान आणि हलका, जेमतेम ११० ते १२० ग्रॅमचा. ॲश लाकडाच्या, टोकाशी रुंद होत गेलेल्या हर्लीने तो टोलवला की ऐंशी-नव्वद मीटर उडतो. मैदानही १३० ते १४५ मीटर लांब. चेंडू इकडे आहे म्हणेपर्यंत तिकडे लोक ओरडत असायचे. मान दुखून आली तेव्हा शेजारचे म्हणाले, ‘चेंडू कशाला बघता? तो पडणार कुठे, तिथे बघा.’ खाली बघायला लागले तेव्हा खेळ दिसू लागला. आठ-दहा जण डोकी वर करून उभे, काठ्या उगारलेल्या आणि त्या काठ्यांच्या जंगलात एक जण उघडा हात वर घालून चेंडू झेलतो. हेल्मेटची सक्ती सगळ्यांनाच झाली ती २०१० पासून. त्याआधीची पिढी बोडक्या डोक्यांनी हेच करायची. जमिनीवरचा चेंडू हाताने उचलता येत नाही, काठीनेच वर घ्यावा लागतो. हातात धरून चार पावलांपेक्षा जास्त धावता येत नाही. म्हणून मग हे गडी काठीच्या टोकावर चेंडू तोलत भरधाव पळतात आणि बाजूने कुणीतरी खांद्याने रेटत असतो. पहिल्या रेट्याला मी ‘अहो, पाडलं त्याला!’ म्हणून ओरडले. आजूबाजूचं कुणी हललंही नाही. खांद्याला खांदा भिडवणं नियमात बसतं.

गोलखांबांशी लांब पांढरे कोट घातलेली माणसं उभी होती, दोन या टोकाला, दोन त्या टोकाला. एवढी मारामारी, म्हणजे डॉक्टर जवळच ठेवलेत, चांगली सोय आहे, असं मी जावयाला म्हणाले. त्याने हसू दाबलं. ते पंच निघाले. चेंडू आडव्या दांड्याच्या वरून, दोन खांबांच्या मधून गेला की पांढरा झेंडा, एक गुण. दांड्याखालून जाळ्यात गेला की हिरवा झेंडा, गोल, त्याचे तीन गुण. नवख्याने बाकी काही कळलं नाही तरी या कोटवाल्यांवर नजर ठेवावी. ते झेंड्यासाठी वाकले की टाळी वाजवायची की कपाळावर हात मारायचा, तेवढं ठरवता येतं.

गुणफलकाने मात्र माझी पुरती फजिती केली. तिथे गोल आणि गुण वेगवेगळे लिहितात, मधे एक रेघ. बेरीज कुणी करून देत नाही. मी फुटबॉलच्या हिशेबाने पहिला आकडा तेवढा वाचत होते. रेघेनंतरचं काहीतरी किरकोळ असेल, बरोबरी झाली तर बघण्यासाठी. कॉर्कने गुणांचा सपाटा लावला होता आणि मी त्या गृहस्थांना धीर देत होते, ‘फार मागे नाही तुम्ही, एक-दोन गोलांचा तर प्रश्न!’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पेन्सिलीने पत्रिकेच्या कोपऱ्यात गोलाला तीनने गुणून, त्यात गुण मिळवून दाखवले. शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईला.

पण त्यांचा चेहरा खरा पडला तो मी तुलना करायला गेले तेव्हा. गप्पा जमाव्यात म्हणून मी म्हणाले, हा तर आमच्या हॉकीसारखाच खेळ. ते गप्प. मग सावरून घ्यायला म्हणाले, तुमची ही पोरं काय टोलवतात, क्रिकेटला पाठवा यांना! यावर ते मोठ्याने हसले आणि त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर क्रोक पार्क या संघटनेच्या मुख्य मैदानावरच्या संग्रहालयात पडताळूनही पाहिलं. संघटना म्हणजे हा खेळ चालवणारी गेलिक ॲथलेटिक असोसिएशन; तिचा एक नियम होता: सभासदाने परकीय, म्हणजे इंग्रजांचे खेळ खेळायचे नाहीत, बघायलाही जायचं नाही. रग्बी, सॉकर, हॉकी आणि क्रिकेट. हा नियम १९७१ मध्ये उठला. १९३८ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एक सॉकरचा सामना बघून आले, तर संघटनेने त्यांना आश्रयदातेपदावरून काढून टाकलं. राष्ट्राध्यक्षांना! मी त्या बंदीच्या यादीतले दोन खेळ निवडून गृहस्थांपुढे ठेवले होते. त्यांचं तरुणपण त्या नियमात गेलेलं. एकदा त्यांचे काका चोरून रग्बीला गेले त्याची कथा त्यांनी मला खुशीत सांगितली, पण ती ऐकताना माझं सगळं लक्ष आपण आणखी काय बोललो त्याची उजळणी करण्यात होतं.

त्याच संग्रहालयात १९२० च्या २१ नोव्हेंबरचाही उल्लेख आहे. क्रोक पार्कवर टिपररी आणि डब्लिन यांचा गेलिक फुटबॉलचा सामना चालू असताना ब्रिटिश सैनिक-पोलिसांनी गोळीबार केला, चौदा माणसं गेली. त्यांत मायकल होगन हा टिपररीचा खेळाडू होता. मैदानाची एक बाजू आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. आपल्याला ही कटुता समजावून सांगायला लागू नये. सामन्याला जाण्याआधी मी हे बघायला हवं होतं, गेले नंतर. थर्लसलाही तसंच. संघटना स्थापन झाली १ नोव्हेंबर १८८४ रोजी, थर्लसच्याच हेज हॉटेलात. ते हॉटेल गावाच्या मुख्य चौकात आहे. आम्ही त्याच्यासमोरून दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा मी स्वच्छतागृह शोधत होते.

आता पैशांची गोष्ट, जी आठवली की अजून कानशिलं तापतात. टिपररीच्या एका खेळाडूने मैदानाच्या कडेवरून, जमिनीवरचा चेंडू तिरका कापून थेट खांबांमधून पाठवला. मी भारावून विचारलं, ‘याला किती मिळतात?’ आयपीएलच्या लिलावाचे आकडे ऐकून ऐकून आपली जीभच तशी वळते. गृहस्थ म्हणाले, ‘काही नाही. उद्या सकाळी कामावर जाईल.’ मला वाटलं, या खेळाडूचं काहीतरी वेगळं असेल. पण तसं नव्हतं. सगळेच हौशी. प्रवासखर्च वगैरे मिळतो, पगार नाही. ऐंशी हजारांवर माणसं मावतात त्या क्रोक पार्कवर अंतिम सामना खेळणारा गडीही एरवी शाळेत शिकवायला किंवा शेतावर जातो. त्याला दुसरी काउंटी विकत घेऊ शकत नाही. ज्या गावात वाढला त्या गावाच्या क्लबाकडून खेळायचं, आणि क्लब ज्या काउंटीतला तिच्याकडून. म्हणून पत्रिकेत नावापुढे क्लब. ते गृहस्थ प्रत्येक नावावर बोट ठेवून सांगत होते: याचा बाप माझ्याबरोबर खेळला, याच्या आजीचं दुकान आमच्या रस्त्यावर.

मग त्यांनी मला विचारलं, ‘तुम्ही कुठल्या?’ मी म्हटलं, भारतातल्या. ‘ते दिसतंय. गाव कोणतं?’ सांगली म्हटलं तर ‘सांगली शहर की बाहेरचं?’ नवऱ्याचं गाव, माहेरचं गाव, आजोळ, सगळं वदवून घेतलं. लिओ वराडकर नुकतेच आयर्लंडच्या पंतप्रधानपदावरून पायउतार झाले होते, तो विषय निघणारच होता. त्यांचे वडील मालवणजवळच्या वराडचे म्हटल्यावर गृहस्थांनी मान डोलावली: ‘म्हणजे घराणं तिथलं.’ या बाबतीत आपण आणि ते एकाच शाळेतले.

सामना कॉर्कने जिंकला: ४-३० विरुद्ध १-२१. आता मी बेरीज करू शकत होते, बेचाळीस आणि चोवीस. शेवटच्या दहा मिनिटांत टिपररीची माणसं निघू लागली. मीही जावयाला म्हणाले, चल, गाडीला गर्दी होईल. तो ‘थांबूया की आई’ म्हणत होता. मी ऐकलं नाही. सामना संपल्यावर थर्लसला काय होतं, ते मला डब्यात चढल्यावर कळलं. मुलं आपापल्या छोट्या हर्ल्या घेऊन मैदानात धावतात, खेळाडूंना घेरतात, काठ्यांवर सह्या घेतात, तिथेच चेंडू टोलवत बसतात. घामेजलेला, हरलेला खेळाडूसुद्धा उभा राहून त्यांच्याशी बोलतो. हे सगळं मी गाडीतल्या जागेसाठी घालवलं. आणि जागा काही मिळाली नाही. आम्ही उभ्यानेच डब्लिनला आलो.

पर्यटकांना सगळे क्रोक पार्क सुचवतात. अंतिम सामन्याची तिकिटं मुख्यत्वे क्लबांमार्फत वाटली जातात, ती बाहेरच्याच्या हाती क्वचितच लागतात. माझं मत विचाराल तर मे-जूनमधला थर्लसचा एखादा रविवार धरावा. आणि जाण्याआधी कुठल्यातरी एका काउंटीचं व्हावं. कुठली, त्याने फरक पडत नाही. मी शेजारच्या पेन्सिलीमुळे टिपररीची झाले.

म्हणून २०२५ च्या जुलैत टिपररी अंतिम फेरीत कॉर्कसमोर आली तेव्हा सांगलीत रात्री आठ वाजता मी लॅपटॉप उघडून बसले. मध्यंतराला कॉर्क सहा गुणांनी पुढे. थर्लसचं सगळं डोळ्यांपुढे आलं, म्हटलं पुन्हा तेच बघवणार नाही. बंद केलं आणि पानं वाढायला घेतली. दुसऱ्या अर्ध्यात कॉर्कला फक्त दोन गुण मिळाले. टिपररी ३-२७, कॉर्क १-१८. जावयाचा फोन रात्रीच आला, आवाज बसलेला. ‘आई, बघितलात ना? आपल्या गोलरक्षकाने ती पेनल्टी अडवली तेव्हा काय वाटलं?’

‘अरे, अंगावर काटा आला,’ मी म्हणाले.