पेमेंट

गेल्या सहामाहींत आठवीच्या वर्गास आम्हीं 'आमचें घर' हा निबंध लिहावयास दिला होता. एका मुलानें लिहिलें, "ह्या महिन्यांत वडिलांचें पेमेंट झालें नाहीं, म्हणून मी जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहितों." आम्हीं तांबड्या शाईनें 'पेमेंट' खोडून वर 'पगार' लिहिलें आणि समासांत शेरा मारिला : 'शुद्ध मराठी लिहावें.' शिवाय अर्धा गुण कापला.

मुलगा अबोल, पण तास संपल्यावर वही घेऊन आला. म्हणाला, "सर, पगार पर्मनंट माणसांना असतो. आमच्या पप्पांना ठेकेदार पेमेंट करतो."

त्याचे वडील चाकणच्या बाजूस एका कारखान्यांत ठेकेदारामार्फत कामास जातात. पगार म्हणजे महिन्याचा, ठरल्या तारखेस मिळणारा. पेमेंट म्हणजे भरलेल्या हजेऱ्यांचें, होईल तेव्हांचें. हा भेद आम्हांस कोणत्या कोशांत सांपडला असता?

मग आम्ही कान देऊन ऐकूं लागलों. चाकणच्या बाजारांत कांदा विकल्यावर आडत्याकडून यावयाचें तें पेमेंट. कारखान्यांसाठीं जमीन गेली तिचा मोबदला, तेंहि पेमेंट. पिंपरीच्या टपरीवर चहा पिऊन भ्रमणध्वनि पुढें धरावा, कीं पैसे पोंचल्याचें एक खोकें मोठ्यानें पुकारतें, तेंहि पेमेंटच! सरकारनें १९३६ सालीं मजुरीविषयीं कायदा केला, त्याच्या इंग्रजी नांवाचा आरंभ याच शब्दानें होतो. एक हजाराहून कमी मजूर असलेल्या कारखान्यानें महिना सरल्यावर सात दिवसांचे आंत मजुरी द्यावी, असें त्यांत होतें.

घरीं कोश उघडला, तों आमची खोडण्याची खोड चांगलीच मोडली. 'पगार' हा शब्द मराठीस पोर्तुगिजांकडून मिळाला. त्यांच्या भाषेंत त्याचा अर्थ पैसे देणें. इंग्रजांनीं 'पे' हा शब्द फ्रेंचांकडून घेतला. दोहोंचें मूळ मात्र एकच, लॅटिन 'पाकारे', म्हणजे शांत करणें. ज्याचें देणें असेल त्याचें मन शांत करणें. एका परक्या बहिणीस दाराबाहेर घालवून आम्हीं दुसरीस 'शुद्ध मराठी' म्हणून पाटावर बसविलें होतें!

दुसऱ्या दिवशीं वही मागवून शेरा खोडला, शब्द जागच्या जागीं लिहिला व अर्धा गुणहि परत दिला. वडिलांचें पेमेंट झालें काय, हें विचारावयाचें मनांत होतें, वर्गासमोर विचारवेना. पुढच्या सोमवारीं निबंधाच्या वह्या आल्या. त्याचा निबंध अजून जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवरच होता.