सावंतवाडीचा लाकडी आंबा

मैत्रिणींनो, ऐन हापूसच्या दिवसांत कोकणात जाऊन लाकडाचा आंबा विकत आणणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? नसेल, तर ती मी!

त्याचं असं झालं. आमच्या धाकटीची बारावीची परीक्षा संपली आणि तिनं घरात जाहीर केलं, "मी चित्रकलेलाच जाणार." "छंद म्हणून ठीक आहे गं, पण चित्रं काढून पोट भरतं का?" हा तिच्या बाबांचा सवाल. मी दोघांच्या मध्ये! मी स्वतः हौसेनं साड्या रंगवते, पण इतक्या वर्षांत रंगांचे पैसेसुद्धा धड सुटलेले नाहीत. मग मी काय उत्तर देणार? वाद घालत बसण्यापेक्षा, जिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या रंगांवर जगत आली ते गाव लेकीला दाखवावं म्हणून दोघी कोकण रेल्वेत बसलो आणि सावंतवाडीला उतरलो.

स्टेशन गावापासून जरा दूर आहे, रिक्षा करावी लागते. गावात शिरलं की मधोमध मोती तलाव. तलावाजवळच जांभ्या दगडाचा तांबूस राजवाडा. तिथल्या दरबार हॉलमध्ये कारागीर बैठक मारून गंजिफा रंगवत असतात, ते आपल्याला बघायला मिळतं.

गंजिफा म्हणजे खेळायचे गोल पत्ते, बरं का! दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची १२ पानं, म्हणजे एकूण १२० पानं. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. दिवसा खेळायला बसलात तर ज्याच्याकडे रामाचा राजा तो सुरुवात करणार, रात्री बसलात तर कृष्णाचा राजा असेल तो. आहे की नाही गंमत?

एक बाई मान खाली घालून मासे काढत होत्या. तिळाएवढे डोळे, केसाएवढ्या रेघा. धाकटीनं विचारलं, "मावशी, एखाद्या दिवशी सुचलंच नाही, मन लागलं नाही तर?" त्या हसल्या. "मन लागाची वाट बघीत बसलंय, तर चूल कशी पेटतली?" आणि पुन्हा पुढच्या माशाकडे वळल्या.

थोड्या वेळानं त्यांनीच समजावलं. एकच मासा रोज काढायचा, पण काढता काढता एखाद्या दिवशी त्याची शेपटी जरा वेगळी वळते, आवडली तर ठेवायची. नवं सुचतं ते असं, हात चालू असताना. मी मनात म्हटलं, खरंच की! रांगोळीचा नवा ठिपका आपल्याला उंबऱ्याशी वाकल्यावरच सुचतो, अंथरुणात पडून नाही.

पण ही कलाही एकदा बुडायच्या बेतात होती. स्वस्त छापील पत्ते आले आणि हातानं रंगवलेली गंजिफा कोण घेणार? जाणकार चितारी अगदी थोडे उरले. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी हे काम हाती घेतलं. एका वृद्ध चिताऱ्याकडून ही विद्या समजून घेतली, सत्त्वशीलादेवी स्वतः कुंचला घेऊन बसल्या. २०१८ मध्ये त्या गेल्या, पण काम चालू राहिलं. त्यातली शहाणपणाची गोष्ट मला फार आवडली. नुसत्या गंजिफेवर घर चालणार नाही हे ओळखून तीच नक्षी डबे, पेट्या, तबकं, चौरंग अशा घरात लागणाऱ्या वस्तूंवर आणली. हात तोच, वस्तू बदलली!

तिथून आम्ही चितार आळीत गेलो. दुकानांमध्ये लाकडाची फळं आणि भाज्या मांडलेल्या. केळी, सीताफळ, वांगी, मिरच्या. भातुकली आणि खेळणीही. मी एक आंबा उचलला, किंमत ऐकली आणि सवयीनं म्हटलं, "एवढ्याशा आंब्याला? जरा कमी करा की!"

धाकटी कानाशी कुजबुजली, "आई, गेल्या महिन्यात तू साडी रंगवलीस ना, तेव्हा त्या काकू अगदी हेच म्हणाल्या होत्या."

मैत्रिणींनो, माझा चेहरा पडला. चार दुपारी मान मोडून केलेल्या त्या कामाचे निम्मे पैसे हातात आले होते, वर एक ब्लाऊजपीस. मी रात्रभर धुसफुसले होते, आणि आज त्या काकूंच्या जागी मीच उभी! निमूटपणे सांगितले तेवढे पैसे मोजले.

तर सवालाचं उत्तर काय मिळालं? कलेनं पोट भरतं, पण तीन अटींवर. रोज बसायला हवं, लोकांच्या घरात काय लागतं ते पाहायला हवं आणि आपल्या कामाचा दाम न लाजता सांगायला हवा. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. तिसरीला मात्र समोरची बाईही तशीच हवी, दुसरीच्या कष्टांची किंमत न पाडणारी.

घरी आल्यावर धाकटीच्या बाबांना हे सारं सांगितलं. लगेच होकार आला असं नाही. "दोन महिने रोज पहाटे उठून काम करून दाखव, मग बोलू," म्हणाले. ती उठते आहे. मीही एक वही घातली आहे. साडी हातात घेण्याआधी रंग, कापड आणि तास मांडून दाम सांगते. एक मैत्रीण रुसली, दोघींनी मात्र आनंदानं दिले.

आंबा टेबलावर आहे. आला-गेला तो उचलून वास घेऊन बघतो आणि हसतो. "केवढ्याला आणला?" असं कुणी विचारलं, की मी आता ताठ मानेनं पूर्ण किंमत सांगते.