तेरा पाऊण पावणेदहा

चिपळूणला पावसाने जोर धरला की आजी आभाळाकडे नाही, कालनिर्णयकडे बघायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पाऊणकी तिला तोंडपाठ होती.

वाशिष्ठी सह्याद्रीतून निघून दाभोळला अरबी समुद्राला मिळते. सगळा प्रवास जेमतेम ७० किलोमीटरचा. घाटात पडलेलं पाणी काही तासांत गावात उतरतं, आणि खाडी भरलेली असली तर तिथेच तुंबतं.

उन्हाळ्यात कोकणातल्या कितीतरी नद्यांचे दगड उघडे पडतात, हिच्यात मात्र पाणी असतं. ते मूळचं हिचं नव्हेच. कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं कोयनेचं पाणी बोगद्यातून पोफळीला येतं, वीज करून हिच्यात सुटतं. लहानपणी आम्हाला याचा उगाच अभिमान होता.

२२ जुलै २०२१, आषाढ शुद्ध त्रयोदशी. आजी आता नव्हती. खाली कपाटं तरंगत होती. वर जिन्याच्या तोंडाशी बसून मी हिशेब केला, तेरा पाऊण पावणेदहा. मग ओहोटी. पाणी सातव्या पायरीवर होतं.

साडेदहा झाले, अकरा झाले. घाटातला पाऊस थांबला नव्हता. बाराच्या सुमारास आठवी पायरी बुडाली.