एका डॉलरची खूण

१९७६च्या शरदात पेनसिल्व्हेनियात आम्ही नवे होतो. मताचा अधिकार नव्हता, पण निवडणूक डोळ्यांसमोर चालली होती. जेराल्ड फोर्ड विद्यमान राष्ट्राध्यक्ष, जिमी कार्टर जॉर्जियातले भुईमूग पिकवणारे माजी गव्हर्नर. प्रचारासाठी दोघांना सरकारी तिजोरीतून मिळालेली रक्कम मात्र अगदी सारखी: २ कोटी १८ लाख डॉलर. ती स्वीकारली की अंतिम लढतीच्या प्रचारासाठी देणग्या घ्यायच्या नाहीत. त्या वर्षी छातीवरचे बिल्ले आणि गाड्यांवरच्या पट्ट्यासुद्धा कमीच दिसत, कारण मोजका पैसा टीव्हीवर जाई. जुने कार्यकर्ते त्यावर कुरकुरत, आणि १९७९ साली कायदा बदलून पक्षाच्या स्थानिक शाखांना अशा साहित्यासाठी मोकळीक द्यावी लागली. मला मात्र तो मोजकेपणाच आठवतो आणि हवासा वाटतो.

त्यामागे वॉटरगेटचा धडा होता. निक्सन यांच्या १९७२च्या प्रचाराला एकट्या क्लेमेंट स्टोन या विमा उद्योजकाने वीस लाखांहून अधिक डॉलर दिले होते. दूध उत्पादकांच्या सहकारी संघांनी वीस लाखांचा शब्द दिला आणि दुधाचा आधारभाव वाढला. मग १९७४चा कायदा आला. एका निवडणुकीत एका उमेदवाराला व्यक्तीने हजार आणि दबावगटाच्या समितीने, म्हणजे ‘पॅक’ने, पाच हजार डॉलरपर्यंतच द्यायचे.

निवडणुकीचा सरकारी निधी यायचा प्राप्तिकराच्या अर्जातून. अर्जावर एक चौकोन असे. त्यात खूण केली की भरलेल्या करातला एक डॉलर त्या निधीत जाई. कर वाढत नसे, परतावा घटत नसे. ग्रीन कार्डवाल्यालाही ती खूण करता येई. मत देता येत नव्हतं त्या काळात या देशाच्या निवडणुकीत माझा वाटा तेवढाच होता, आणि तो मी मनापासून दिला. एक काळ असा होता की चारांतल्या एकाहून जास्त अर्जांवर ती खूण असे. आज चार टक्क्यांवरही नसते.

उमेदवारीच्या लढतीत तर प्रत्येक देणगीदाराच्या पहिल्या २५० डॉलरना सरकार तेवढीच जोड देई. सरकारी खर्चाला नाकं मुरडणाऱ्या रेगन यांनीही आपल्या १९७६, १९८० आणि १९८४ या तिन्ही मोहिमांत हा पैसा घेतला. कार्टर यांच्यासाठी जॉर्जियातली साधी माणसं पदरमोड करून न्यू हॅम्पशायरच्या बर्फात दारोदार फिरली. ‘पीनट ब्रिगेड’ म्हणत त्यांना.

या घरात वाळवी मात्र त्याच वर्षी शिरली होती. जानेवारी १९७६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘बकली’ खटल्यात सांगितलं की देणगीवर मर्यादा चालेल, पण उमेदवाराशी संगनमत न करता कोणी स्वतःहून खर्च करत असेल तर त्याला अडवता येणार नाही. १९८५ साली हीच मोकळीक सरकारी निधी घेतलेल्या उमेदवारासाठी खर्च करणाऱ्या पॅकनाही मिळाली. उमेदवार स्वतः वचनाने बांधलेला, आणि त्याच्या अवतीभवतीचे गट मोकळे.

याचं मोल मोजावं लागलं डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरींना, २००४ साली. पक्षाचं अधिवेशन जुलैअखेर झालं आणि तेव्हापासून त्यांना ७ कोटी ४६ लाखांच्या सरकारी रकमेतच भागवायचं होतं; प्रतिस्पर्धी बुश यांचं अधिवेशन महिनाभर नंतर, म्हणजे तोवर त्यांना देणग्यांवर खर्च करता येत होता. नेमक्या त्या ऑगस्टमध्ये ‘स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रूथ’ या गटाने केरींच्या व्हिएतनाममधल्या शौर्यावरच जाहिरातींतून चिखल उडवला. कित्येक आरोप नौदलाच्या कागदपत्रांशी जुळत नव्हते, पण उत्तरावर पैसे उधळले तर ऑक्टोबरात काय, या चिंतेने केरींची मोहीम हात आखडून बसली. माझ्या मते सरकारी निधीची पद्धत त्या महिन्यात मोडली. चार वर्षांनी ओबामांनी तो निधी नाकारला आणि कारणांत अशा गटांचं नाव घेतलं. मॅकेन यांनी ८ कोटी ४१ लाख घेतले. त्यांच्यानंतर दोन्ही मोठ्या पक्षांच्या एकाही उमेदवाराने घेतलेले नाहीत.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. २०१०चा सर्वोच्च न्यायालयाचा ‘सिटिझन्स युनायटेड’ खटल्यातला पाच विरुद्ध चार निकाल, पाठोपाठ ‘स्पीचनाऊ’ खटल्यातला, आणि सुपर पॅकांना, म्हणजे उमेदवाराला पैसे न देता स्वतःच खर्च करणाऱ्या गटांना, कितीही देणगी घ्यायची मुभा. पैसा दरवेळी जिंकतो असं नाही. २०१६च्या उमेदवारीच्या लढतीत जेब बुश यांच्या बाजूच्या सुपर पॅककडे दहा कोटींहून जास्त डॉलर होते आणि ते एकही राज्य जिंकले नाहीत. पण २०२४मध्ये आमच्या राज्यात जे पाहिलं त्याने मी हादरलो. इलॉन मस्क यांनी त्या निवडणुकीत पंचवीस कोटींहून अधिक डॉलर ओतले. त्यांच्या ‘अमेरिका पॅक’च्या निवेदनावर सही करणाऱ्या नोंदणीकृत मतदारांतून रोज एकाला दहा लाख डॉलर; पहिला धनादेश हॅरिसबर्गमध्ये दिला गेला. त्याच वर्षी निवडणूक आयोगाने दारोदार प्रचार उमेदवाराशी सल्लामसलत करून करायलाही अशा गटांना वाट दिली. दार वाजवणारा आता बहुधा गटाचा पगारी माणूस असतो.

न्यूयॉर्क शहरात मात्र जोडनिधी जिवंत आहे. तिथल्या रहिवाशाच्या छोट्या देणगीच्या एका डॉलरला शहर आठ डॉलर घालतं, आणि २०२५मध्ये जोहरान ममदानी त्या बळावर कोट्यवधींच्या सुपर पॅकांसमोर महापौरपदाची निवडणूक जिंकले. राष्ट्राध्यक्षपदासाठीचा जोडनिधीही कायद्यात अजून आहे. फक्त त्यातल्या २५० डॉलरच्या आकड्याला १९७४पासून कोणी हात लावलेला नाही. तो आधी वाढवा, असं मी आमच्या काँग्रेस सदस्याला दर निवडणुकीआधी पत्राने कळवतो.