तारीख काय गं?

‘‘तारीख काय गं?’’

डेडलाइन डोक्यावर असताना आईचा फोन. कीबोर्डवरची नजर न हलवता मी म्हटलं, ‘‘चौदा.’’

‘‘कॅलेंडरची नाही. तुझी!’’

दादाचं लग्न नुकतंच झालं होतं. कुलस्वामिनीच्या दर्शनाला तुळजापूरला जायचं होतं. गाडी ठरली, लॉज ठरला, दिवस ठरला आणि तो नेमका माझ्या तारखेवर आला. आईकडे उपाय तयारच, ‘‘गोळ्या घे की. सगळ्याच घेतात.’’

खरंय ते. एरवी अख्खी टीम सांभाळणाऱ्या मैत्रिणीसुद्धा गौरी-गणपती आले की गुपचूप केमिस्टकडे वळतात. तुमच्याही पर्समध्ये ती स्ट्रिप कधीतरी असेल. मीही घेतल्यात. नंतरची पाळी अंगावर काढलीय आणि कुणाला बोलले नाही.

या वेळी मात्र कामाख्या आठवली. एका जूनमध्ये स्टोरीसाठी गुवाहाटीला गेले होते. नीलाचल टेकडीवरचं हे मंदिर कोच राजा नरनारायणाच्या काळात, १५६५ मध्ये पुन्हा बांधलं गेलं. गाभाऱ्यात मूर्ती नाही. अंधाऱ्या पायऱ्या उतरून खाली जायचं. तिथे खडकात योनीच्या आकाराची भेग आणि झऱ्याचं पाणी. तीच देवी. अंबुबाची म्हणजे तिची पाळी. तीन दिवस मंदिर बंद. धरणीला विश्रांती म्हणून शेतात नांगरही चालवत नाहीत. मग दारं उघडतात आणि लाल कापडाच्या तुकड्याच्या प्रसादासाठी झुंबड! गंमत म्हणजे पाळी असलेल्या बाईने देवळात जाऊ नये, हा रिवाज तिथेही आहेच.

आपली भवानीही विश्रांती घेते. तुळजापूरची मूर्ती चल आहे. नवरात्राआधी, दसऱ्यानंतर आणि पौषात शाकंभरी नवरात्राआधी, अशी वर्षातून तीनदा ती सिंहासनावरून पलंगावर निजते. महिषासुराला मारणारीलाही हक्काची सुट्टी! आणि आपण? गोळी गिळून हजर.

हे सगळं आईला ऐकवलं. ‘‘ते आसामात,’’ म्हणून तिने फोन ठेवला.

मी गोळी घेतली नाही. लॉजवर पहाटे पाळी आली. आईला सांगितलं आणि भांडायच्या तयारीत उभी राहिले. आई पलंगावर बसली.

‘‘लग्नानंतरचं माझं पहिलं दर्शन असंच गेलं. सगळे देवळात आणि मी खोलीत. खिडकीतून कळस दिसतोय का बघत बसले होते.’’

मी गप्प. आईने खण-नारळाची पिशवी उचलली. ‘‘चल. काकूला काही सांगायची गरज नाही.’’

महाद्वारातून आम्ही पायऱ्या उतरू लागलो. आईने माझा हात धरला होता. गाभाऱ्यासमोर आल्यावरही तो सोडला नाही. ती काय मागत होती, मी विचारलं नाही.

परतताना गाडीत सगळ्यांना झोप लागली. शेजारी बसलेल्या वहिनीने हळूच विचारलं, ‘‘तू घेतली होतीस गोळी?’’

‘‘नाही.’’

ती बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘मी घेतली. लग्नासाठी एकदा आणि आता परत.’’