गॅलरी कोणत्या तोंडाची?

आमच्या घरात तीन वर्षांत तीन तुळशी मेल्या. ज्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेली आई आहे, त्यांना या वाक्याचे गांभीर्य निराळे सांगायला नको. शनिवार पेठेतला वाडा पाडला, त्याच वर्षी वडील गेले आणि आम्ही कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. वृंदावन काही बरोबर आणता येत नाही. आईने त्याच्या बुडाची मूठभर माती तेवढी पदरात बांधून आणली आणि नव्या कुंडीत घातली. चैत्रात लावलेली ती तुळस वैशाखात अशी फोफावली की, येईल-जाईल त्याला आई गॅलरीत नेऊन दाखवी. पण दसरा झाला आणि तिने मान टाकायला सुरुवात केली. लग्नापुरती कशीबशी उभी राहिली. मार्गशीर्षात काड्या उरल्या. दुसरीचे तेच झाले, तिसरीचेही तेच.

"या घराला तुळस सोसत नाही रे," एवढेच आई म्हणाली. त्यानंतर तिने गॅलरीचे दार उघडणे सोडून दिले. सकाळी आंघोळ झाली की हातात तांब्या घेऊन ती क्षणभर उभी राही, आणि मग तो तसाच ओट्यावर ठेवून देई. ते मला बघवेना.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका सहकाऱ्याने सल्ला दिला, "दुकानातून रोप आणू नकोस. सरळ उरुळी कांचनला जा. जिथे रोप वाढते तिथे विचार." म्हणून गेल्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी हडपसरहून बस धरली.

सोलापूर रस्त्याचा हा तुकडा मोठा मजेदार आहे. मांजरी येते, आणि मराठीच्या मास्तराला तुळशीच्या मंजिऱ्या आठवतात. थेऊरचा फाटा येतो, आणि १७७२ साली तिथे देह ठेवलेले थोरले माधवराव आठवतात. एवढ्यात समोरचा ट्रक असा कर्णा वाजवतो की इतिहास आणि वाङ्मय दोन्ही पळून जातात. सोरतापवाडीपासून मात्र रस्त्याची दोन्ही अंगे हिरवी होऊ लागतात. काळ्या पिशव्यांतल्या रोपांच्या रांगाच रांगा, त्यांवर हिरव्या जाळीचे मांडव, पलीकडे तांबड्या मातीचे ढीग. उरुळीचे नाव आपण ऐकलेले असते ते १९४६ साली गांधीजींनी तिथे सुरू केलेल्या निसर्गोपचारामुळे. आज मात्र पुण्या-मुंबईच्या कितीतरी गॅलऱ्यांचे माहेर या पट्ट्यात आहे.

मी एका बेताच्या रोपवाटिकेत शिरलो. डोक्याला उपरणे गुंडाळलेले एक साठीचे माळीबुवा पिशव्या भरत बसले होते. मी ऐटीत म्हणालो, "एक चांगली जोमदार तुळस द्या. मरणार नाही अशी."

त्यांनी वरही पाहिले नाही. "गॅलरी कोणत्या तोंडाची?"

वाचकहो, खोटे कशाला सांगू? मला ते ठाऊक नव्हते. वीस वर्षे मी मुलांना ओव्यांतली तुळस शिकवत आलो आहे. पण ज्या घराचे हप्ते फेडतो त्या घराची गॅलरी कोणत्या दिशेला आहे, हे मी कधी पाहिलेच नव्हते. देवघर पूर्वेला, त्याच्या डाव्या हाताला बैठकीची खोली, असे बोटांनी हवेत घर काढत मी शेवटी उत्तर गाठले. "उत्तर!"

"मग तुळस कशी जगंल, सर?" आता त्यांनी हात झटकले आणि मातीतच काडीने माझी इमारत काढली. दसऱ्याच्या सुमारास सूर्य दक्षिणेला कलतो, तो पार मार्च उजाडेपर्यंत उत्तरेच्या भिंतीला तोंड दाखवत नाही. चैत्र-वैशाखात सकाळ-संध्याकाळची तिरपी उन्हे तिथे येतात. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तर आपल्याकडे भर दुपारचा सूर्यही डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. पण तेव्हा पावसाचे ढग आडवे येतात. म्हणजे आमची तुळस उन्हाळ्यात हसत होती आणि कार्तिकात, ऐन तिच्या लग्नाच्या तोंडावर, अंधारकोठडीत जात होती! तुळशीला रोज पाच-सहा तास ऊन हवे.

"आणि पाणी?" त्यांनी विचारले.

"आई रोज तांब्याभर घालते. एक दिवस चुकत नाही."

माळीबुवा जरा गप्प झाले. मग हळू आवाजात म्हणाले, "आईंना सांगू नका. पण ऊन नसलं की कुंडीतली माती सुकत नाही. मुळं कुजतात. पानं मलूल झाली की माणसाला वाटतं तहान लागली, म्हणून आणिक पाणी. उन्हानं मरतात त्याच्याहून जास्त झाडं पाण्यानं मरतात बघा. बोटाची दोन पेरं मातीत घालून बघायची. ओलं लागलं तर त्या दिवशी तांब्या ठेवून द्यायचा."

तांब्या ठेवून द्यायचा! आईला हे कोण सांगणार?

पुढचा तासभर मी त्यांच्यामागे त्या मांडवांतून हिंडलो. कोणत्या झाडाला किती उजेड पुरतो हे ओळखण्याची त्यांची युक्ती सोपी होती. जिथे कुंडी ठेवायची तिथे दुपारी कागदावर हात धरावा. सावली रेखीव पडली तर फुलझाड ठेवा. पुसट पडली तर पानांची झाडे. पडलीच नाही तर गणपतीची तसबीर लावा! आपला डोळा मोठा लबाड असतो. भर उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. घरात खिडकीपासून चार-पाच हात आत आले की तो काहीशेवर येतो. तरी आपण म्हणतो, काय लख्ख उजेड आहे! झाडाला तसे म्हणता येत नाही.

रोप निवडताना मी साहजिकच फुलांनी डवरलेल्या जास्वंदीपाशी थांबलो. त्यांनी मला पुढे ओढले. फुलांचे नको, कळ्यांचे घ्या. उंच नको, बुडाशी फुटलेले घ्या. पान उलटून बघा, कापसासारखे पांढरे दिसले तर तो पिठ्या ढेकूण, तो घरी आला की शेजारच्या कुंड्यांतही जातो. घरी नेल्यावर आठ दिवस रोपाला हात लावू नका. कुंडीच्या छिद्रावर खापरीचा तुकडा ठेवा. नुसती काळी माती भरू नका. ती कुंडीत थापली जाते आणि सुकली की भेगाळते. तांबडी माती, जुने कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू पुरे.

एका कोपऱ्यात पाटी होती : 'घरात शुद्ध हवा देणारी झाडे'. ही कीर्ती १९८९ सालच्या नासाच्या प्रयोगातून पसरली. पण ते प्रयोग बंद पेट्यांत झाले होते. २०१९ साली अशा प्रयोगांचा फेरआढावा घेतला गेला. उघड्या खिडकीइतके काम करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत झाडे लागतील, असे त्यात निघाले. तेवढी ठेवली तर आम्हांला जिन्यात बिऱ्हाड करावे लागेल. झाड घरात ठेवायला झाड आवडणे एवढे कारण पुरेसे नाही काय?

मनी प्लांट, सान्सेव्हेरिया, एक नेचा अशी सावलीत सुखाने राहणारी मंडळी मी घेतली. यातले पहिले मूळचे पॅसिफिक महासागरातल्या बेटावरचे, दुसरे पश्चिम आफ्रिकेतले. घनदाट झाडीखालच्या कवडशांवर जगण्याची मनी प्लांटला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. आमची गॅलरी त्याला परकी वाटणार नव्हती. निघताना माळीबुवांनी आपणहून एक वीतभर वेल पिशवीत घातली. "ही नागवेल. पानमळ्यात शेवग्या-शेवरीच्या सावलीतच वाढते. हिला ओलही आवडते, फक्त पाणी तुंबू देऊ नका. आईंचा तांब्या हिच्यावर चालंल."

तुळस मात्र त्यांनी दिली नाही. मी हट्ट धरला तेव्हा म्हणाले, "दक्षिणेची गॅलरी शोधा, मग या."

घरी आल्यावर आईने पिशव्यांकडे पाहिले. "नुसती पानंच आणलीस की रे!" मग नागवेलीचे एक पान तिने बोटांत चुरडले, नाकाशी नेले आणि काही न बोलता वेल गॅलरीत नेऊन ठेवली. किती दिवसांनी ते दार उघडले!

दक्षिणेची गॅलरी आमच्या दारासमोरच निघाली. समोरच्या काकूंच्या घरी तीन वर्षांत आई दोनदाच गेली होती, तीही हळदीकुंकवाला. मी भीत भीत विचारले, तर काकू म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे जागा आहे, पण मला झाडातलं काही कळत नाही. आजी बघणार असतील तर ठेवा!" माळीबुवांकडून तुळस आली आणि समोर उभी राहिली.

आता रोज सकाळी आई तांब्या घेऊन समोर जाते. आधी बोट घालून पाहते. ओल लागली तर तुळशीला नमस्कार करून, फुटलेल्या मंजिऱ्या खुडून येते आणि पाणी नागवेलीला घालते. मंजिऱ्या खुडल्या की झाड फांद्या धरते, हे तिला वाड्यापासून ठाऊक होते. उत्तर-दक्षिण तेवढे माझ्याइतकेच नवे. परत यायला मात्र तिला तास लागतो. काकूंचा चहा झाल्याशिवाय सुटका नसते.

दसरा होऊन गेला. तुळस माझ्या कमरेइतकी झाली आहे आणि तिचे लग्न तोंडावर आले आहे. सध्या दोन्ही घरांत वाद चालला आहे तो वधूपक्ष कोणाचा याचा. काकूंचे म्हणणे, मुलगी आमच्या घरात वाढली, तेव्हा कन्यादान आमचे. आई म्हणते, मुलगी माझी, तुमच्याकडे शिकायला ठेवली होती. विड्याची पाने आमच्या नागवेलीची घ्यायची, एवढ्यावर एकमत झाले आहे. मला उसाच्या मोळीचे काम लागले आहे. ती कोणाच्या दारात टाकायची, ते अजून ठरायचे आहे.